मांत्रिक जड होतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली सहाही पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली आहेत, आणि सहाही पत्रांचं दुखणं एकच आहे: टेबलावरच्या भूमिका-खेळात (प्रत्येक जण एक पात्र होऊन फाशांच्या मदतीनं गोष्ट खेळतो, तो खेळ) पात्र घडवताना मांत्रिक इतरांच्या बरोबरीनं कसा बसवायचा? म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडक्यात देत आहोत.

प्रश्न (अमळनेर): आम्ही पाच जण दर रविवारी घरच्या नियमांनी खेळतो. प्रत्येकाला पात्र घडवायला ६० पॉइंट. एक मंत्र २ पॉइंटांना, आणि मांत्रिकाला रोज सहा वेळा मंत्र म्हणता येतो. कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी आमची गोष्ट, १६०० सालातलं आहे. अकबराच्या फौजा असीरगडाभोवती आहेत आणि आमची टोळी थाळनेरहून निरोप घेऊन तापीकाठानं तिकडे निघाली आहे. तलवारबाज खेळणारा मित्र म्हणतो, मांत्रिकासमोर मला कामच उरत नाही. मंत्राची किंमत २ वरून ४ केली, तरी रडगाणं तेच. आता ६ करावी का?

उत्तर: करू नका. किंमत वाढली की मांत्रिक दहाऐवजी पाच मंत्र घेतो, पण त्या पाचांत आगीचा मंत्र असतोच आणि तो रोज सहा वेळा म्हणता येतोच. मंत्र किती येतात यावर जोर ठरत नाही. दोन विश्रांतींच्या मध्ये तो किती वेळा म्हणता येतो आणि तेवढ्यात किती लढाया होतात, यावर ठरतो. एकदा वहीत मांडून बघा.

तलवारीचा घाव डी-८ (एक आठपैलू फासा) अधिक २ धरू. सरासरी ६.५. दहातले सहा वार लागतात, म्हणजे फेरीला ३.९. एका लढाईत चार फेऱ्या आणि दोन विश्रांतींमध्ये चार लढाया धरल्या, तर सोळा फेऱ्यांत तलवारबाजाचे ६२.४ होतात.

आता मांत्रिक. आगीचा मंत्र ३डी६, म्हणजे तीन सहापैलू फासे, सरासरी १०.५. तीन शत्रू तावडीत सापडतात. निम्म्या वेळा शत्रू अंग चोरतो आणि त्याला अर्धाच मार बसतो, म्हणून दर शत्रूमागे १०.५ चे पाऊणपट. तिघांचे मिळून साधारण २३.६. हा मंत्र दोनच वेळा म्हणता आला आणि उरलेल्या चौदा फेऱ्या काठीवर काढल्या (डी-४, दहातले चार वार लागणारे, म्हणजे फेरीला १), तर एकूण ६१ च्या आसपास. दोघं जवळपास सारखे झाले.

पण तुमच्या रविवारच्या बैठकीत दोन विश्रांतींमध्ये बहुधा एकच लढाई होत असणार. मग तलवारबाजाचे चार फेऱ्यांत होतात १५.६. मांत्रिकाकडे सहा मंत्र आहेत, म्हणून तो चारही फेऱ्या आगच टाकतो: ९४.५. सहापट! तुमचा मित्र खोटं बोलत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीतलं गेममास्टरसाठीचं (खेळ चालवणाऱ्यासाठीचं) पुस्तक एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरतं. घरच्या टेबलावर एक-दोनच होतात, म्हणून ते नियम जसेच्या तसे घेणाऱ्यांचाही मांत्रिक जड होतो.

दुरुस्ती दोन ठिकाणी करा. पहिली विश्रांतीत. रात्र झोपून काढली की मंत्र परत, हा नियम काढा. उघड्यावरच्या मुक्कामात जखमा भरतील, मंत्र भरणार नाहीत. मंत्र भरायला छप्पर, पाणी आणि निर्धास्त झोप लागते. तुमच्या वाटेवर चोपडा, यावल, रावेर, बऱ्हाणपूर अशी ठिकाणं ओळीनं आहेत, ती त्यासाठी ठेवा. दोन ठिकाणांमध्ये पायी एक-दोन दिवस जातात. तेवढ्यात तीन-चार अडचणी सहज बसतात, आणि मांत्रिकाला मंत्र आत्ता म्हणायचा की नदी उतरून गेल्यावर, हा खरा विचार करावा लागतो.

दुसरी दुरुस्ती मंत्रात. मोठा मंत्र एका टप्प्यात, म्हणजे दोन विश्रांतींच्या मध्ये, दोनदाच. पण मग चौदा फेऱ्या काठी फिरवण्यात खेळणाऱ्याचा जीव रमत नाही, म्हणून एक छोटा मंत्र कितीही वेळा म्हणू द्या: डी-६, निम्म्या वेळा लागणारा, फेरीला १.७५. चौदा फेऱ्यांचे २४.५. त्याच्या बदल्यात आगीचा घेर तीनऐवजी दोन शत्रूंपुरता ठेवा, म्हणजे दोन वेळचे ३१.५. बेरीज ५६. तलवारबाजापेक्षा किंचित कमी, आणि ती कमीच हवी, कारण मांत्रिकाकडे लढाईबाहेरचेही मंत्र असतात.

राहिला पॉइंटांचा प्रश्न. सुटा मंत्र २ पॉइंटांना विकला, तर उद्या तलवारबाजच ढालीचा एक मंत्र घेऊन टाकेल आणि मांत्रिकापेक्षा मजबूत होईल. म्हणून आधी प्रवेश-किंमत लावा: मंत्रविद्या येण्याचेच १५ पॉइंट, आणि पुढे प्रत्येक मंत्राचे ३. 'गर्प्स' या पॉइंटांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत हेच तत्त्व आहे. तिथे जादूचं अंग असणं वेगळं विकत घ्यावं लागतं (पहिली पायरी ५ पॉइंट, पुढची प्रत्येक १०) आणि मंत्र वेगळे, कौशल्यासारखे शिकावे लागतात.

प्रश्न (धुळे): आमच्या खेळात लढाया फार नसतात. किल्ल्यात शिरणं, कागद पळवणं असंच जास्त. तिथे मांत्रिक कुलूप उघडतो, अदृश्य होतो, भिंतीवर चढतो. कुलूपतोड्या खेळणारी आमची मैत्रीण मागच्या बैठकीत दोन तास हातावर हात ठेवून बसली. शेवटी अहिराणीत म्हणाली, "मनी बारी कव्हय येई?" (माझी पाळी कधी येणार?) काय करावं?

उत्तर: तिचा प्रश्न या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. लढाईतला फरक आकड्यांनी बुजवता येतो. इथे मात्र मांत्रिकानं दुसऱ्याची जागाच घेतली आहे, आणि मंत्राचे आकडे कितीही कमी केले तरी ती जागा परत मिळत नाही.

नियम असा करा: जे काम एखाद्या कौशल्यानं होतं, ते मंत्रानंही व्हावं, पण त्याच तऱ्हेनं नव्हे. मंत्राची एक बाजू नेहमी उघडी राहिली पाहिजे. २०१४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधला कुलूप उघडणारा मंत्र बघा. कुलूप खात्रीनं उघडतं, पण ठोठावल्याचा आवाज तीनशे फुटांवर ऐकू जातो. एवढ्या एका ओळीनं कुलूपतोड्याचं पोट वाचलं आहे.

टेबलावर ते असं दिसतं. रात्रीची वेळ, लळिंगच्या किल्ल्याचा आतला दरवाजा, पलीकडच्या पायऱ्यांवर दोन पहारेकरी. कुलूपतोड्याला दहा मिनिटं लागतात आणि फासा टाकावा लागतो. फासा चुकला तर आणखी दहा मिनिटं, आणि पहारा बदलायला वीसच मिनिटं उरली आहेत. मांत्रिक एका शब्दात उघडतो, पण तो आवाज पायऱ्यांवर जातो. आता टोळी आपसात बोलू लागते. गडबड नाही ना? मग तिलाच करू दे. पाठलाग चालू आहे? मग मंत्र. दोघांना वेगवेगळ्या घडीला बारी मिळाली.

बाकीच्या मंत्रांनाही अशीच एक उघडी बाजू द्या. अदृश्य होणाऱ्याचा आवाज, वास आणि पाऊलखुणा राहतात. लपण्याचा फासा त्यालाही टाकावा लागतो, फक्त ३ जास्त मिळतात. भिंत चढण्याचा मंत्र एकट्यापुरता. दोर वर बांधून बाकीच्यांना ओढून घेण्याचं काम दुसऱ्या कुणाचं. मनातलं ओळखणाऱ्या मंत्राला समोरच्याच्या डोळ्यात बघत राहावं लागतं, म्हणजे समोरच्याला कळतं.

पात्र घडवतानाच मंत्रांची घराणी पाडा: आग-प्रकाश, भूल-भास, जड वस्तू, जखमा-औषध. नव्या मांत्रिकाला दोनच घराणी आणि एकूण पाचच मंत्र. अट एकच, आणि ती खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवा: टोळीतल्या दुसऱ्या कुणाचं मुख्य कौशल्य ज्या मंत्रानं होतं, तसा मंत्र त्या खेळाडूच्या संमतीशिवाय घ्यायचा नाही. बऱ्याच भांडणांचं मूळ पहिल्या बैठकीतच असतं, कारण पाच जण पाच घरी बसून पात्रं तयार करतात आणि खेळाच्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांचे कागद बघतात. पात्रं एकत्र बसून घडवा.

प्रश्न (भुसावळ): जुन्या पद्धतीचे नियम वापरतो. पहिल्या लेव्हलला (अनुभवाच्या पायरीला) मांत्रिक पटकन मरतो, पण सातव्या-आठव्याला तोच सगळा खेळ चालवतो. आधी हाल, मग सुख, असा हा तोल बरोबर मानायचा का?

उत्तर: आमच्या मते नाही. १९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये मांत्रिकाचा जीव (किती मार सोसता येतो तो आकडा) डी-४ वर ठरायचा, चिलखत बंद, तलवार बंद, आणि पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच मंत्र. डी-६ चा एक घाव लागला तर असा मांत्रिक शंभरात ७५ वेळा शून्यावर येतो. (जीव १, २, ३ किंवा ४ असेल तर घावाचे अनुक्रमे ६, ५, ४ आणि ३ आकडे पुरतात, असे २४ पैकी १८.) हाल सोसणारा आणि सुख भोगणारा हे पुष्कळदा वेगळेच खेळाडू असतात. एकाची तीन पात्रं मेली, आणि दुसऱ्या कुणाचं नशिबानं वाचलं तो टोळीचा मालक झाला. शिवाय परीक्षा आल्या, कुणी नोकरीला पुण्याला गेलं, की कॅम्पेन चौथ्या लेव्हललाच थांबतं; मग ज्यानं हाल काढले त्याला काहीच मिळत नाही.

त्या नियमांत आणखी एक लगाम होता: लेव्हल चढायला लागणारा अनुभव. दुसऱ्या लेव्हलला चोराला साधारण १,२५०, पुरोहिताला १,५००, लढवय्याला २,०००, मांत्रिकाला २,५००. कागदावर छान दिसतं. पण तक्ता पुढे वाचा. सहाव्या लेव्हलला लढवय्या ३५,००० आणि मांत्रिक ४०,०००, आणि सातव्याला लढवय्या ७०,००० तर मांत्रिक फक्त ६०,०००. म्हणजे मांत्रिक भारी पडू लागतो नेमकं तिथेच लगाम सुटतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं सगळ्यांना एकच तक्ता दिला आणि हा लगाम काढूनच टाकला.

भारी पडण्याचं कारण गुणाकार आहे. लेव्हलबरोबर मंत्राचे फासे वाढतात, म्हणण्याची संख्या वाढते आणि सापडणारे शत्रूही वाढतात. पाचव्या लेव्हलला पाच फासे, तीन वेळा, चार शत्रू: पाच गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे एका फाशाच्या साठपट. लढवय्याला तेवढ्यात एक जादा वार मिळतो. तेव्हा एका लेव्हलला तिन्हींपैकी एकच गोष्ट वाढवायची, असा नियम लिहून ठेवा. २०१४ च्या आवृत्तीत आगीच्या गोळ्याचे फासे आठ ठरलेले आहेत. म्हणणाऱ्याची लेव्हल वाढली म्हणून ते वाढत नाहीत. वरच्या दर्जाचा स्लॉट (मंत्र म्हणण्याची मोजकी संधी) खर्च केला तरच वाढतात. ही युक्ती घेण्यासारखी आहे. आणि सुरुवातीचं मरण टाळायला जीव डी-६ वर न्या, पहिल्या लेव्हलला फासा न टाकता पूर्ण ६ द्या.

प्रश्न (शहादा): आमच्या सातपुड्यातलंच जग उभं करतो आहोत. मांत्रिकाऐवजी 'भगत' आणि शत्रूपक्षाला 'डाकीण' असे क्लास (पात्रांचे प्रकार) ठेवले तर चालेल का?

उत्तर: 'डाकीण' ठेवू नका. सातपुड्याच्या पाड्यांत हा शिक्का बसल्यामुळे खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, गाव सोडावं लागलं आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं आपल्या राज्यात असा छळ गुन्हा ठरवला आहे. ज्या शब्दानं शेजारच्या तालुक्यात माणसाचा जीव धोक्यात येतो, तो खेळात मारायच्या शत्रूचं नाव म्हणून नको.

'भगत' वेगळा. तो आजही पाड्यावर मानाचा माणूस आहे, लोक त्याच्याकडे श्रद्धेनं जातात. त्याच्या देवांची नावं उचलून मंत्रांच्या यादीत घालणं बरं नाही. टेबलावर भिल्ल किंवा पावरा घरातलं कुणी असेल तर त्यांना विचारा, आणि त्यांनी नको म्हटलं तर तिथेच थांबा. सातपुडा तुम्हाला बाकी भरपूर देतो: तोरणमाळचं तळं, उनपदेवचं गरम पाणी, मोहाची झाडं, उन्हाळ्यात आटलेले नाले. जादूची बंधनं त्यांतून काढा. उदाहरणार्थ, पाण्याशी जोडलेला मांत्रिक: वाहत्या पाण्यापासून शंभर पावलांच्या आत पूर्ण ताकद, त्यापलीकडे निम्मी. मे महिन्यातलं साहस त्याला आपोआप अवघड जातं आणि गेममास्टरला वेगळं काही करावं लागत नाही.

प्रश्न (शिरपूर): मंत्र म्हणताना २डी६ टाकायचे, ८ किंवा जास्त आलं तर जमला, नाहीतर उलटला. तरी आमचा मांत्रिक कधी चुकतच नाही. फासे तर चांगले आहेत.

उत्तर: फाशांचा दोष नाही, बेरजेचा आहे. दोन फाशांवर मधले आकडे जास्त येतात, म्हणून तिथे एकेका अधिकाचं (फाशांच्या बेरजेत मिळवायच्या आकड्याचं) मोल फार. नुसत्या फाशावर ८ किंवा जास्त येण्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे ४२ टक्के. +१ मिळालं की ५८, +२ ला ७२, +३ ला ८३, आणि +४ ला ९२ टक्के. तुमच्या नियमात बुद्धीचा एक, गुरूचा एक, घराण्याचा एक आणि हातातल्या वस्तूचा एक असे चार अधिक जमत असतील, तर पात्र घडवतानाच अपयश जवळपास संपलं. एकूण अधिक +२ च्या वर जाणार नाही, अशी मर्यादा घाला. शिवाय दोन्ही फाशांवर एक आला (३६ मध्ये एकदा) की अधिक कितीही असोत, मंत्र उलटतो.

उलटण्याचा परिणामही तपासा. आग उलटून सगळ्या टोळीला भाजत असेल, तर मांत्रिकाची चूक तलवारबाज भोगतो. परिणाम म्हणणाऱ्याच्याच अंगावर ठेवा: थकवा. लहान मंत्राला १, मधल्याला ३, मोठ्याला ५, आणि उलटला तर दुप्पट. थकव्याची मर्यादा ८. ती ओलांडली की मांत्रिक बेशुद्ध. तासभर बसून राहिलं की २ उतरतो. पण दर लढाईनंतर चार तास बसायची मुभा दिलीत तर हा हिशोब फुकट जाईल. वेळ जातो तसा गोष्टीत काहीतरी बिघडत गेलं पाहिजे.

प्रश्न (पाचोरा): आमची मुलं बारा-तेरा वर्षांची आहेत. पॉइंटांची बेरीज-वजाबाकी करताना कंटाळतात. काही सोपा मार्ग?

उत्तर: प्राधान्याचा तक्ता वापरा. 'शॅडोरन' या भूमिका-खेळानं १९८९ मध्ये पात्र घडवण्याची ही रीत वापरली: पाच गोष्टींना पाच क्रम लावायचे आणि एक क्रम दोनदा वापरायचा नाही. माणूस जातीचा पूर्ण मांत्रिक हवा असेल तर जादूला पहिलाच क्रम द्यावा लागे, मग बाकी सगळं आपोआप खाली जाई.

मुलांसाठी चारच रकाने पुरेत: शरीर, कौशल्य, सामान, मंत्र. त्यांना ४, ३, २, १ हे आकडे एकेकदाच वाटायचे. शरीराचा जीव ४ ला १४, मग ११, ८ आणि ६. कौशल्यं सहा, चार, तीन, दोन. सामानात ४ ला सारंगखेड्याच्या बाजारातला घोडा, चिलखत आणि दोन शस्त्रं. ३ ला कातडी चिलखत आणि एक चांगलं शस्त्र. २ ला एक शस्त्र, दोर आणि मशाल. १ ला अंगावरचे कपडे आणि काठी. मंत्र ४ ला पाच, टप्प्यात तीन वेळा. ३ ला तीन, दोन वेळा. २ ला एक, एकदाच. १ ला काही नाही.

यात एक खोच आहे. मांत्रिक होणारं प्रत्येक मूल सामानाला १ देतं, कारण सामान पुढे लुटीत मिळतंच. म्हणून सामानाच्या रकान्यात मिळालेली वस्तू हरवली किंवा मोडली तर पुढच्या गावात फुकट भरून द्या, आणि लुटीतल्या वस्तूला ही सवलत ठेवू नका. मग १ देताना मूल दोनदा विचार करतं. तक्ता पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि आकडे लिहिलेल्या चार चिठ्ठ्या प्रत्येकाच्या हातात द्या. रकान्यांवर चिठ्ठ्या ठेवून, हलवून बघत मुलं दहा मिनिटांत पात्र तयार करतात.